पाखराचं पहिलं नाव

शकुनचं वागणं मला पहिल्या दिवसापासून पटलं नाही. माझ्या वावरात मला न विचारता शिरायचं आणि वर मलाच गप्प बसवायचं, ही कुठली रीत? मी शाळेत दोनच वर्षं गेले, पण दुसऱ्याच्या बांधावर चढण्याआधी हाक द्यावी, एवढं मला आईनं शिकवलं होतं.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. पोळा होऊन गेला होता. कपाशी कमरेला लागली होती आणि आभाळ नुसतंच भरून यायचं, पडायचं नाही. आमचं वावर अकोटहून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. मी निंदणाऱ्या बायांवर ओरडत होते, कारण त्यांच्या तोंडाचा पट्टा हातापेक्षा जास्त चालला होता. तेवढ्यात कपाशीतून एक हात वर आला. मग ओठावर बोट धरलेला एक चेहरा आला. हनुवटीला माती, वेणीत पाला, गळ्यात दुर्बीण.

"जरा हळू बोला ना, बाई. तो उडून जाईल."

"कोन उडून जाईल? वावर माहं हाये."

"वटवट्या," ती म्हणाली. जसं काही गावच्या पाटलाचंच नाव सांगितलं.

माझ्या मागं कोणीतरी हसलं. वळून पाहिलं तर माझाच पोरगा, खुशाल. हा माणूस घरात आहे की नाही, हे मला दारातल्या वहाणांवरून कळायचं, इतका तो अबोल. त्याचं हसणं ऐकून माझा राग जागच्या जागी थांबला. पोरीवरचा नव्हे, बायांवरचा.

पोरगी आमच्यातलीच निघाली. अकोटच्या कापसाच्या जिनात मुकादम असलेल्या पुंजाजींची एकुलती एक. अमरावतीच्या कॉलेजात शिकायची, होस्टेलात राहायची आणि सुट्टीला घरी आली की पाखरांची घरटी शोधत हिंडायची. आमच्या कपाशीत तिला वटवट्याचं घरटं सापडलं होतं. गवताच्या बारीक पात्यांची विणलेली पिशवी, दोन काड्यांच्या मधे टांगलेली. मी जन्मभर त्या वावरात राबले, पण ती पिशवी मला कधी दिसली नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही.

मग ती दर रविवारी यायला लागली. पुंजाजी तिला सायकलवर आणून सोडायचे आणि बाभळीखाली बसून विडी ओढायचे. मी बांधावर बसायचे. दोन तरणी माणसं वावरात असली की बांधावर कोणीतरी बसावंच लागतं. त्या दोघांना वाटायचं, मला ऐकू येत नाही.

"हे पाखरू तं आमच्याकडं रोजचं हाये," खुशाल एकदा म्हणाला. "याच्यासाठी तुमी अमरावतीहून येऊन राहिल्या?"

"पाखरासाठीच येते."

"मंग माह्याकडं काहून पायता?"

"तुम्ही पाखराच्या आड उभे आहात म्हणून."

तो बाजूला सरला नाही. तिनंही त्याला सर म्हटलं नाही.

तिनं त्याला पाखरांची शास्त्रातली नावं शिकवायला घेतली. ती नावं दोन शब्दांची असतात म्हणे. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या पाखराचा स्वतःचा. वटवट्याच्या घराण्याचं नाव प्रिनिया. जावा नावाचं कुठलं बेट आहे, तिथल्या लोकांचा हा शब्द. तिथले लोक अशाच एका पाखराला तशी हाक मारायचे.

"आन याचं स्वतःचं?"

"इनऑर्नाटा. म्हणजे न नटलेला. अंगावर दागिना नसलेला."

खुशालनं तिच्या हाताकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुमच्या हातासारखा."

तिनं हात पाठीमागं घेतला. "माझ्या हातात घड्याळ आहे."

"घड्याळ काही दागिना नसते. ते नुसतं, निघायची येळ झाली म्हणून सांगते..."

तिनं पदर सारखा केला आणि दुर्बीण डोळ्याला लावली. कपाशीत तेव्हा कुठलंही पाखरू नव्हतं. मी बांधावरून सगळं पाहत होते.

दुसऱ्या एका रविवारी तिनं त्याला सांगितलं, की साहेब लोक वटवट्याला रेन वॉर्बलर म्हणतात. रेन हे त्यांच्या थंड मुलखातलं चिमुकलं पाखरू. आपल्या वटवट्यासारखीच शेपटी उभी करून उडवतं. इथं आल्यावर त्यांनी ही उभी शेपटी पाहिली असेल आणि त्यांना आपलं गाव आठवलं असेल.

"खरं रेन कसं असते?" खुशालनं विचारलं.

"मीही पाहिलेलं नाही. इकडं हिमालयात आहे म्हणतात. त्याचं स्वतःचं नाव ट्रोग्लोडायटीज. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ, भोकात शिरणारा. गुहेत राहणारा. जरा चाहूल लागली की बिळात, कपारीत दडतो."

"अन् कोनी बाहीर बोलावलं तं?"

"येतो म्हणतात..." ती खाली पाहत म्हणाली. "पण बोलावणारानं घाई करायची नाही."

त्या दिवशी झिमझिम सुरू झाली. खुशाल धावत गाडीकडं गेला आणि पोत्याची खोळ घेऊन आला. ती त्यानं तिच्या डोक्यावर धरायची सोडून तिच्या दुर्बिणीवर धरली. दुर्बीण कोरडी राहिली आणि पोरगी नखशिखांत भिजली. ती हसत होती, केसांतून पाणी गळत होतं, आणि हा वेडा दोन्ही हातांनी खोळ धरून तिच्याकडं पाहत उभा. तेव्हा मला कळलं, की ही आता रविवारची गोष्ट उरली नाही.

मी मानी बाई. आपल्या पोराच्या मनातलं दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा मी स्वतःच पुंजाजींकडं निरोप धाडला. दिवाळीनंतर बापलेक आमच्या घरी आले. शकुन आकाशी पातळ नेसली होती. खुशालनं सदऱ्याला इस्त्री केली होती, ती मी पाहिली आणि पाहिली नाही असं दाखवलं. देण्याघेण्याचं बोलणं मी होऊच दिलं नाही. पोरगी पाहिजे, बाकी काही नको, असं सांगून टाकलं. पुंजाजींचे डोळे भरून आले.

मग माझी नणंद माणिकबाई बोलली. "पार्वतावहिनी, सुनेचं नाव काय ठेवता?"

"सुभद्रा," मी म्हटलं. "माह्या सासूचं."

शकुननं हातातली चहाची बशी खाली ठेवली.

"आत्या, मी तुमच्या घरचं सगळं शिकेन," ती म्हणाली. "चूल, वावर, सणवार. तुमचं आडनाव लावीन. पण माझं नाव नका बदलू. मी जन्मले त्या दिवशी बाबांना जिनात काम लागलं. म्हणून त्यांनी शकुन ठेवलं."

"पोरी," पुंजाजी घाबरून म्हणाले, "नावाचं काय एवढं..."

"या घरात आलेली प्रत्येक सून नवं नाव घेऊनच उभी राहिली," मी म्हटलं. "मी बी राहिली. माहं काही बिघडलं नाही. तुले हे जमत नसंन तं हे घर तुह्यासाठी नाही."

शकुननं खुशालकडं पाहिलं. एकदाच. त्यात विनवणी नव्हती. पाखरू दिसतं का म्हणून झुडपाकडं पाहावं, तसं तिनं पाहिलं. माझा लेक खांबाकडं पाहत बसला.

बापलेक निघून गेले. चहा बशीतच राहिला.

कपाशी फुटली. वेचणी सुरू झाली. खुशाल वेळेवर जेवायचा, वेळेवर वावरात जायचा, मी विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा. मी दोन स्थळं सांगितली. त्यानं मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे मला कळलं नाही. त्या घरट्याजवळच्या झाडांची बोंडं तो स्वतः वेचायचा, बायांना तिकडं जाऊ द्यायचा नाही. पिल्लं उडून गेली होती. रिकामी पिशवी तेवढी वाऱ्यावर हलायची. एकदा मी त्याला त्या पिशवीसमोर उभं पाहिलं. ओठ हलत होते. तो शकुननं शिकवलेली नावं म्हणत होता. हळूहळू, चुकत... एकेक.

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. माझं म्हणणं खरं झालं होतं, रीत राहिली होती, आणि घरात बोलायला कोणी नव्हतं.

संक्रांत होऊन गेल्यावर शकुन आली. एकटीच. या वेळी बांधाबाहेर उभी राहिली.

"येऊ का, आत्या?"

"ये."

"कॉलेजसाठी ते रिकामं घरटं पाहिजे होतं. वावर तुमचं आहे, म्हणून तुम्हाला विचारायला आले."

ती वाळली होती. घड्याळ मनगटावर सैल झालं होतं. खुशाल विहिरीवर होता. मी त्याला हाक मारली नाही. "बस," मी म्हटलं. ती बांधावर माझ्याशेजारी बसली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या वाऱ्यानं वाजत होत्या.

"एक सांग," मी म्हटलं. "तुह्या त्या रेनचं नाव कोनं ठेवलं?"

तिला नवल वाटलं, पण तिनं सांगितलं. दोनशे वर्षांमागं एका परदेशी पंडितानं ठेवलं. त्यानं रेनला परिटाच्या घराण्यात घातलं होतं. परीट म्हणजे नदीकाठी शेपटी आपटत फिरतो, तो धोबी पक्षी. पुढं दुसऱ्या पंडितांनी पाहिलं, की रेन काही परिटातला नाही. त्यांनी त्याला तिथून काढलं आणि वेगळं घराणं दिलं.

"मंग घर बदललं तं नाव बी बदललं असंन."

"घराण्याचं बदललं, आत्या. त्याचं स्वतःचं तेच राहिलं. ट्रोग्लोडायटीज. असा नियमच आहे. पाखरू कितीही घराण्यांत फिरवा, पहिल्यांदा ठेवलेलं नाव त्याच्यासोबत जातं. फार तर शेवटचं अक्षर नव्या घराण्याला जुळवून घेतात."

"काहून असा नियम?"

"नाहीतर ओळख लागणार नाही. जुन्या पुस्तकातलं पाखरू आणि नव्या पुस्तकातलं पाखरू एकच आहे, हे कोणाला कळणार? मधल्या मधे ते हरवून जाईल." ती थांबली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, सरळ. "आत्या... तुमचं पहिलं नाव काय होतं?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. माझे आईबाप गेले, भाऊ गेला. त्या नावानं मला बोलावणारं जगात कोणी राहिलं नव्हतं. मी तोंड उघडलं तर ते लवकर आठवेना. माझंच नाव, आणि मला ते दाण्यातून खडा शोधावा तसं शोधावं लागलं.

"जाई," मी म्हटलं.

मागं पावलं थांबली. खुशाल पाण्याचा लोटा घेऊन उभा होता. त्यानं शकुनकडं पाहायच्या आधी माझ्याकडं पाहिलं.

"मले माहीतच नव्हतं, माय," तो म्हणाला.

"तुवा कधी इचारलं?"

त्यानं लोटा खाली ठेवला. कपाळाचा घाम पुसला. मला वाटलं, आता हा पुन्हा विहिरीकडं जाणार. पण तो शकुनसमोर येऊन उभा राहिला.

"त्या दिवशी मी बोललो नाही," तो तिला म्हणाला. "बोलाले पायजे होतं. आता बोलतो. मी रोज इथं येतो आन तुमच्या नावानं हाक मारतो. कोनी ओ देत नाही... तरी मारतो. दुसऱ्या नावानं हाक मारायले माही जीभ वळणार नाही, शकुन. माय नाही म्हणाली, तं मी जन्मभर कोनालेच हाक मारणार नाही."

शकुननं खाली वाकून लोटा उचलला आणि त्यातलं पाणी प्यायली, थोडं... मग लोटा त्याच्यापुढं धरला. त्यानं घेतला. दोघांची बोटं लोट्यावर जरा जास्त वेळ राहिली. माझ्यासमोर. मी मुद्दाम दुसरीकडं पाहिलं नाही.

मग दोघंही माझ्याकडं वळली. तोंडानं विचारलं नाही, पण आता काय ते मीच सांगायचं होतं. पुंजाजी, माणिकबाई, गाव, सगळं माझ्या एका शब्दावर अडलं होतं. मी उठले, लुगड्याची माती झटकली आणि शकुनची हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं.

"आयक, पोरी. तू जिद्दी हायेस, तोंडाची फटकळ हायेस, आन माह्या पोराले तुवा येडं केलं. माह्या घरात तू शकुन म्हणूनच येशीन. तुह्या नावाच्या शेवटी बाई लावीन मी, तेवढं माहं चालू दे. माणिकबाईले काय सांगायचं ते मी सांगीन. पन एक काम तुले करा लागंन. चारचौघांत मले आत्या म्हण, सासू म्हण, काही बी म्हण. घरात दोघीच असलो, का जाईबाई म्हणून हाक मारत जाय. मी ओ देईन."