खुर्चीचं अर्थिंग

प्लास्टिकच्या कारखान्यात मी स्टॅटिक घालवण्याचं काम करतो. प्लास्टिकचा पातळ कागद रुळांवरून पळताना घासला जातो, आणि घासताना इलेक्ट्रॉन एकीकडून दुसरीकडे जातात. एकाकडे जास्त होतात, दुसऱ्याकडे कमी पडतात. मग दोघांना एकमेकांची ओढ लागते आणि संधी मिळाली की मध्ये ठिणगी उडते. ती उडू नये म्हणून यंत्राला तार जोडून ती जमिनीत सोडायची, म्हणजे अर्थिंग करायचं. बाबाही याच खात्यातून निवृत्त झाले.

त्यांना एक खोड होती. थंडीच्या दिवसांत ते रबरी सपाता गालिच्यावर फरफटत आईच्या मागून येत आणि तिच्या उजव्या कानाला बोट लावत. चट्ट! "हे काय वय आहे का असले चाळे करायचं?" आई करवादायची. केस मात्र दुसऱ्या दिवशीही कानामागेच बांधलेले असत.

बाबा गेले, त्या पावसाळ्यात आई त्यांच्या लोखंडी खुर्चीत बसायला लागली. एकदा ती दचकली, कान चोळला आणि चक्क हसली. चट्ट मीही ऐकलं होतं. दमट हवेत असा विजेचा भार टिकत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं. भिंतींना तर ओल आली होती. तरी कारखान्यातलं मीटर आणून खुर्चीपाशी धरलं. काटा हलला नाही. मीटर हातात असतानाच पुन्हा आवाज झाला.

पुढे ती खुर्ची सोडेना. जेवण तिथंच, तेही दोन घास. बहिणीकडे जायचं ठरलं होतं, ते तिनं मोडलं. कानाच्या पाळीला फोड आला आणि चिघळला. "दादा, अशानं ती हातची जाईल रे. कर ना काहीतरी," बहीण फोनवर रडली. मला जे येतं ते मी केलं. खुर्चीच्या पायाला तांब्याची तार बांधली, खिडकीतून अंगणात नेली आणि सळईला जोडून सळई जमिनीत ठोकली.

आवाज थांबला.

आई संध्याकाळपर्यंत वाट बघत बसली. मग म्हणाली, "कुठं गेलं रे ते?"

"जमिनीत."

"जमिनीत म्हणजे नेमकं कुठं?"

"तसं नाही सांगता येत, आई. सगळीकडे पसरतं. जमीन एवढी मोठी आहे, की कितीही गेलं तरी पत्ता लागत नाही."

"अरेरे," एवढंच म्हणाली ती.

कान बरा झाला. ती मात्र अनवाणी अंगणात फिरू लागली. नळाला, फाटकाला, कुंपणाच्या तारेला हात लावून बघायची आणि ओल्या पायांनी परत यायची. शेवटी मी तार सोडवली, सळई उपटून टाकली. खुर्ची तशीच थंड राहिली. "असू दे रे, तू माझ्या भल्यासाठीच केलंस," आई म्हणाली. त्यापेक्षा तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल दुपारी पावसानं काम लवकर सुटलं. भिजलेले बूट-मोजे दारातच काढून मी आत आलो. आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती. पायांत बाबांच्या रबरी सपाता होत्या.

तिच्या उजव्या कानाजवळचे पांढरे केस उभे राहिले होते.

पंखा बंद होता.

"आई?"

तिनं ओ दिली नाही. छाती हलतेय की नाही, तेही कळेना. मी बहिणीला फोन लावला.

"अरे, बघत काय राहिलास? हात लावून बघ ना!"

मी हात पुढे केला. केस माझ्या बोटांकडे वळले.

ओल्या फरशीवर मी अनवाणी उभा होतो. हात लावला असता, तर सगळं माझ्यातून पुन्हा जमिनीतच गेलं असतं.

मी हात मागे घेतला.

"दादा? लावलास का हात?"

केस सावकाश परत उजवीकडे वळले, जिथं कुणीच उभं नव्हतं.