फरशीवाल्याचा बोगदा

फथोरने बालवाडीच्या अंगणातल्या वाळूवर दोरी ताणली, तेवढ्यात एक पिवळी चप्पल नेमकी त्या दोरीवर येऊन थांबली.

"इथे फरशी? कुणी सांगितलं?"

"मुख्याध्यापकांनी. आपण कोण?"

"या वाळूची मालकीण," होस्निया म्हणाली. मालकीण कसली, बालवाडीची बाई! पण मदुरा बेटावरच्या त्या गावात घरोघरी वाळूचाच बिछाना. तिथे वाढलेली मुलगी वाळूच्या बाबतीत कुणाला भीक घालणार?

फथोर सुराबाया शहरातला. त्याला हसू आलं. "वाळूत लोळून पोरं काय शिकणार हो, बाई?"

"बसा खाली. दाखवते."

तिने वाळूचा ढीग रचला. एकीकडून त्याने बोगदा खणायचा, दुसरीकडून तिने. त्याने घाईने हात घातला आणि... ढीग भुईसपाट!

"हळू ना, काका!" चिमुरडी रहमा वैतागली. "आधी पाणी, मग थोपटायचं."

"हिला पेन्सिल धरवत नव्हती," होस्निया म्हणाली. "वाळू मळून मळून बोटांत बळ आलं. आता नाव लिहिते. आणि ढासळलं तर रडत नाही, पुन्हा रचते. तुमच्या फरशीवर काय करेल?"

"घसरेल," त्याने कबूल केलं.

या खेपेला त्याने पाणी शिंपडलं, थोपटलं, दमाने खणलं. कोपरापर्यंत हात आत गेला... आणि गार वाळूत एकदम उबदार बोटं लागली. दोघांनीही हात काढला नाही.

"पोचलात की," ती हळूच म्हणाली.

"पोचलो... आता परत जावंसं वाटत नाही."

"जीभ बरी चालते! फरशीचं बोला."

"व्हरांड्यात बसवतो. मुख्याध्यापकांना मी पटवतो."

पटवलंही, त्यांनाच बोगदा खणायला बसवून!

व्हरांड्याचं काम चार दिवसांचं. फथोरने महिना लावला, आणि रोज मधल्या सुट्टीत तो वाळूतच सापडायचा. होस्निया त्याला रागवायची, अन् तो आला नाही की फाटकाकडे बघत बसायची. शेवटी काम संपलंच. निरोप घ्यायला तो तिच्या घरी गेला.

आईने खुर्ची पुढे केली. त्या गावात पाहुण्याला खुर्ची देतात, वाळूवर बसतात ते घरचे. एव्हाना हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने होस्नियाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. त्याने खुर्ची बाजूला सारली आणि वाळूवर मांडी घातली.

आई चपापली. "अहो, तिथे घरचे बसतात!"

"म्हणूनच बसलोय, मावशी... तुमची हरकत नसेल तर."

होस्निया पुढे आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"आई," ती म्हणाली, "खुर्ची आत ठेव. यांना आता लागायची नाही."