बेचाळीस घोड्यांचं गरम पाणी

"हात काढा! भाजेल!"

तिनं दचकून बोट मागे घेतलं. पाइपातून पडणारं पाणी काही इतकं गरम नव्हतं, पण ओरडणाऱ्याचा चेहरा मात्र चांगलाच तापला होता. कपाळावर ऑइलचा पट्टा, कोपरापर्यंत सरकवलेल्या बाह्या, आणि डोळे... डोळ्यांकडे नंतर बघू, असं तिनं ठरवलं. आधी काम.

"पंचेचाळीस डिग्री," थर्मामीटर दाखवत ती म्हणाली. "एवढ्यानं कुणी भाजत नाही. मी फेरीबोट कंपनीची इन्स्पेक्टर."

"मी या इंजिनाचा मिस्त्री." त्यानं इंजिनावर असा हात ठेवला, जसा एखादा बाप वर्गात पहिला आलेल्या पोराच्या खांद्यावर ठेवतो. "चाळीस हॉर्सपॉवर. एकानंही कमी नाही."

या इंजिनाला कंपनीनं केव्हाच भंगारात काढलं होतं. यानं ते हट्टानं मागून घेतलं आणि सुटं करून पुन्हा उभं केलं. आज चाळीस भरले तर ते परत बोटीत बसणार होतं. नाही भरले तर थेट भंगारात, आणि त्याच्यामागे कंपनीची सगळी कामंही या वर्कशॉपमधून जाणार होती.

अडचण एकच होती. इंजिनाची ताकद दाखवणारा काटा नेमका अडकून बसला होता.

"दुरुस्त करून घेतो. पुढच्या आठवड्यात याल?" त्यानं विचारलं. विचारताना तो जरा जास्तच आशेनं बघत होता.

"कशाला? पाण्याला विचारू या. तुमचे घोडे आत्ता काय ओढतायत?"

"काहीच नाही. ताकद मोजायला जोडलेल्या ब्रेकच्या डब्यातलं पाणी घुसळतायत नुसतं."

"मग त्यांची सगळी मेहनत त्या पाण्यातच उतरणार. एक घोडा मिनिटाभरात पावणेअकरा लिटर पाणी एका डिग्रीनं तापवतो. पाणी किती आलं आणि किती तापलं ते कळू दे, घोडे मी मोजून देते."

"माझे घोडे लाजाळू आहेत हो... अनोळखी माणसासमोर—"

"मी मोजल्याशिवाय ओळख वाढवत नाही."

तो हसला आणि आत जाऊन इंजिनापाशी उभा राहिला. ती बाहेर पाइपाखालच्या पिंपापाशी थांबली. मधे काचेची खिडकी होती. इंजिनाचा आवाज चढला, काच थरथरायला लागली. ती घड्याळाकडे बघायची, थर्मामीटरकडे बघायची, आणि मग उगाचच काचेकडे. तो इंजिनाकडे बघत असायचा... बहुतेक वेळा.

मिनिटाला पंधरा लिटर. साडेबावीस डिग्रींची वाढ. तिनं गुणाकार केला, भागाकार केला. साडेएकतीस! तिनं पुन्हा मोजलं, पुन्हा तेच आलं. नोकरीला लागल्यापासून तिनं केलेली एकही सही कधी मागे घ्यावी लागली नव्हती, आणि याचा तिला भारी अभिमान होता. तिनं मन घट्ट केलं आणि 'नापास' लिहून खाली सही ठोकली.

"साडेएकतीस," ती म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवेना.

"तुमचा हिशोब तुमच्यापाशी." त्याचा आवाज एकदम परका झाला होता. "माझं इंजिन चाळीस देतं."

पुन्हा मोजा, असं तो एकदा म्हणाला असता तर तिनं दहादा मोजलं असतं. पण विनवण्या करणाऱ्यांतला तो नव्हता, आणि खरं सांगायचं तर तीच गोष्ट तिला आवडून बसली होती. त्यानं इंजिन थंड होण्यासाठी हळू चालत ठेवलं आणि पाठ फिरवली.

ती हात धुवायला मागच्या अंगणात गेली. तिथं वर्कशॉपची मालकीण, म्हणजे त्याची आत्या, नळाखाली हात चोळत बसली होती.

"ये गं, इथं धू. कोमट आहे."

तिनं हात पुढे केला आणि तशीच थबकली. "हे कोमट पाणी कुठून येतं?"

"ब्रेकच्या पाइपाला मीच फाटा काढलाय. इंजिन चाललं की वर्कशॉपमधले सगळे इथंच हात धुतात. एवढं तापलेलं पाणी फुकट का घालवायचं?"

"आणि मघाशी... मी मोजत होते तेव्हा?"

"तेव्हाही चालूच होता. का गं? काय झालं?"

ती धावली. धावता धावताच तिला कळलं, की ही चूक सर्वस्वी आपली आहे. पाइप शेवटपर्यंत बघायला हवा होता. त्याच्यासमोर उभं राहून तिनं कागद काढला आणि सगळ्यांच्या देखत आपली सही खोडली. रेघ सरळ आली.

"माझं चुकलं. पाणी आत्याबाईंच्या नळाला जात होतं. मी परत मोजणार आहे... तुम्ही नाही म्हणालात तरी."

फाट्याचा कॉक त्यानं स्वतः घट्ट बंद केला आणि आत गेला.

पिंप या वेळी भराभर भरलं. मिनिटाला वीस लिटर, वाढ तीच. तिनं आकडा काढला आणि तिचा ऊर असा भरून आला, जणू ते इंजिन तिनंच उभं केलं होतं. "बेचाळीस!" ती काचेतूनच ओरडली. आत्यानं टाळ्या वाजवल्या. कागदावर 'पास' उमटलं, खाली नवी सही झाली.

तो हात पुसत बाहेर आला. मान ताठ होती, पण ओठ काही केल्या जागेवर राहत नव्हते.

"तुम्ही तर चाळीस म्हणाला होतात," ती म्हणाली.

"दोन हातचे राखून ठेवले होते."

"आणखी काय काय राखून ठेवलंय?"

आत्यानं फाटा पुन्हा उघडला, तसे दोघंही नळाखाली हात धुवायला वाकले.

"सकाळी..." तो पाण्याकडे बघत म्हणाला, "पाणी भाजण्याइतकं गरम नाही, हे मला ठाऊक होतं."

"मग ओरडलात कशाला?"

"तू वळून बघावंस म्हणून."

काम संपलं होतं, सही झाली होती. तिनं मान वर केली आणि सकाळपासून राहून गेलेले ते डोळे सावकाश, हवा तेवढा वेळ घेऊन बघितले.