मागची डावी सीट

वजनकाटा.

नागोठण्याजवळची अंबा नदी.

‘चालेल’ हा शब्द.

सकाळचे नऊ.

या चार गोष्टींची मला अजून धास्ती आहे. हो, सकाळचे. भूत रात्रीच येतं अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी इथेच थांबावं. हे माझ्यासमोर घडलंय. फेब्रुवारी २०११, रोहा. कुंडलिकेच्या काठी एका कंपनीचं हेलिपॅड होतं. मी तिथे हेलिकॉप्टरचा मेकॅनिक.

मागचं डावं दार तडकलं, म्हणून मी ते काढलं.

आमच्याकडे एक यादी असते. काय नसताना उडता येतं, त्याची. तिच्यात होतं : हे दार नसलं तरी चालेल. शेजारची सीट रिकामी ठेवावी. तिचा पट्टा बांधावा. दहा दिवसांत दार बसवावं.

हेलिपॅडचे मॅनेजर महिपती साहेब त्यातला ‘चालेल’ तेवढा वाचायचे.

रोज सकाळी रोहा ते पेण. पट्टा मी स्वतः बांधायचो आणि पुढे बसायचो.

अंबेवर आलो की मागे...

खट्.

वळून बघावं तर पट्टा उघडा.

तिसऱ्या दिवशी बकलाला तार गुंडाळली.

अंबेवर... खट्.

तार शाबूत. पट्टा उघडा.

कॅप्टन म्हणाले, “जगन, रोह्याहून निघताना हे डावीकडे झुकतं. साठेक किलोचं माणूस बसल्यासारखं. नदीवर एकदम सरळ होतं.”

म्हणजे रोज कुणीतरी रोह्याला चढत होतं.

आणि नदीवर उतरत होतं.

साहेबांना सांगितलं. “तुझ्या भुताला म्हणावं, तिकीट काढ,” साहेब म्हणाले. दात कोरत.

नवव्या दिवशी पाहुणे जास्त झाले. सोबत गार्ड हवा. साहेबांनी केरूला त्या सीटवर बसवलं.

केरू माझा मेहुणा.

उड्डाणाआधी सगळ्यांचं वजन होतं. केरूचं भरलं अठ्ठावन्न.

“मी सही करणार नाही,” मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याच हातातलं रजिस्टर ओढून स्वतः सही ठोकली. “झालं. निघा.”

“भाऊजी, एस्टीचा दरवाजा पन धरूनच बसतांव ना?” केरू हसत होता. “मना काय नाय व्हत.”

मी त्याची कॉलर धरून त्याला खाली खेचलं. पाहुण्यांसमोर. साहेब शिव्या देत राहिले. हेलिकॉप्टर आम्हा दोघांना टाकून उडालं.

केरू माझ्या शेजारी सिमेंटवर उभा होता. रागावलेला.

नऊ वाजून सहा मिनिटं. रोज अंबेवर पोचायची वेळ...

तो उभ्या उभ्या डावीकडे कोसळला.

उचलला तर कपडे चिंब. आजूबाजूला पाण्याचा थेंब नाही.

“खाली पानी होता,” एवढंच बोलला.

कॅप्टनचा पेणहून फोन आला. आज झुकलं नाही. पट्टाही उघडला नाही.

केरू जिवंत आहे, अष्टमीत राहतो. खाली पाणी कुठे होतं, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

नवं दार चौथ्या दिवशीच पेणच्या गोदामात आलं होतं. पोच साहेबांच्या सहीची आहे.