चौदा नंबरची पिशवी

"बसू नका!" असं ती म्हणाली खरी, पण तोवर मास्तर बसून मोकळा झाला होता.

बाक हिरवा होता आणि त्या सकाळीच आणखी हिरवा केला होता. 'रंग ओला आहे' असा कागद कुणीतरी लावला होता, तो वाऱ्याने उडून कुंडीला जाऊन चिकटला होता. मास्तर उठला, मान वळवून जेवढं दिसेल तेवढं पाहिलं, आणि समोरच्या बाकावर डबा उघडून बसलेल्या मुलीकडे वळला.

"तुम्ही मला येताना पाहिलंत?"

"हो."

"पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवताना?"

"हो…"

"मग बसल्यावर का सांगितलंत?"

"मला चटकन बोलायची सवय नाही," ती ओशाळली. "इथे कामावर तर नाहीच."

"बरं झालं. मी शाळेत भूगोल शिकवतो. उद्या विषुववृत्ताजवळचं जंगल शिकवायचंय. आता नकाशा न्यायला नको, मुलांकडे पाठ केली की झालं."

तिला हसू आवरेना. तोंडातला घास कसाबसा गिळून तिने डब्याचं झाकण पुढे केलं. त्यात केळ्याच्या दोन फोडी होत्या. मास्तरने एक घेतली आणि उभ्या उभ्याच खाल्ली, कारण आता बसायची सोय उरली नव्हती.

ही बाग कॅन्सरच्या दवाखान्याच्या मागे होती. बाग म्हणजे चार बाक, एक मोठं झाड आणि पाण्याचा एक नळ. मास्तरच्या बाबांना दर तीन आठवड्यांनी औषधाचं सलाईन लावत. सलाईन संपेपर्यंत मास्तर इथे पेपर तपासत बसे. ती मुलगी तळमजल्यावरच्या औषधांच्या खोलीत काम करायची. दुपारी वरच्या मजल्यावर सगळ्या सिस्टर एकत्र जेवत, पण ही एकटी बागेत येई. दवाखान्यात तिला मौनी म्हणत.

"मौनी का?" मास्तरने पुढच्या खेपेला विचारलं.

"गप्प असते म्हणून."

"माझ्याशी तर बोलता."

"घरी याहून जास्त बोलते. आई म्हणते, दिवसभर तोंड शिवून ठेवतेस आणि उंबरठ्यात पाय पडला की सगळे टाके उसवतेस."

तीन आठवड्यांनी पुन्हा भेट, मग पुन्हा. मास्तर मुलांची उत्तरं वाचून दाखवी. एका पोराने लिहिलं होतं, नदी डोंगरात उगम पावते आणि समुद्राला भेटून रिटायर होते. "याला मार्क द्यावेत की नाही?" मास्तर विचारी. "पूर्ण द्या," मौनी म्हणे. मग तिच्या लक्षात येऊ लागलं की, मास्तरचा दिवस जवळ आला की आपण डब्यात एक पोळी जास्त घेतो. आईच्याही लक्षात आलं होतं, पण आई नुसती पीठ जास्त भिजवत होती… बोलत काही नव्हती.

वारा सुटला की झाडाची पिवळी पानं पेपरांवर पडत. मास्तर पान उचलून तिच्याकडे धरी. ती ते घेई, बोटांत फिरवी आणि परत देई. एकदा तिने परत दिलं नाही. मास्तरने मागितलंही नाही.

त्याने बाबांच्या आजाराबद्दल सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं, हे तिला पुढे कळायचं होतं.

"आमचे बाबा आज खुशीत आहेत," एका दुपारी मास्तर म्हणाला. "स्वतःला कैदी नंबर चौदा म्हणवून घेतात. त्या नव्या औषधाची चाचणी चाललीय ना, त्यात त्यांनी नाव घातलंय. तिथे सगळ्यांना नंबरानेच…"

मौनीच्या हातातला घास तसाच राहिला. चेहरा एकदम उतरला. तिने डबा बंद केला, झाकण नीट लागलं की नाही तेही पाहिलं नाही.

"मला जायला हवं," ती म्हणाली, आणि गेली.

मास्तर रिकाम्या बाकाकडे बघत राहिला. मग वर जाऊन त्याने सिस्टरला सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती औषधांच्या खोलीतली मुलगी कुणाबरोबर जेवत का नाही हो?"

"जेवणार कशी!" सिस्टर हसली. "चाचणीच्या पिशव्या तीच भरते. नेहमीचं औषध सगळ्यांनाच मिळतं. त्यावर निम्म्या लोकांना नवं औषध आणि निम्म्यांना साधं सलाईन. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवतो. पिशवीला तपकिरी आवरण असतं. मला कळत नाही, डॉक्टरबाईंना कळत नाही, पेशंटला तर नाहीच. माहीत असतं एकट्या मौनीला. आमच्यात बसली आणि तिचा चेहरा बोलला, तर सगळी चाचणी पाण्यात."

तिचा चेहरा बोलला होता. निदान मास्तरला तसंच वाटलं. चौदा नंबर म्हणताच तिचा रंग उडाला, म्हणजे बाबांच्या पिशवीत साधं सलाईन होतं! इतके महिने बाबा हात पुढे करून मिठाचं पाणी घेत होते.

त्या संध्याकाळी घरी त्याने बाबांना सांगून टाकलं. "आपण यातून बाहेर पडायचं. दुसऱ्या दवाखान्यात दुसरी कसली चाचणी असेल, तिथे नाव घालू."

"कुणी सांगितलं, मला साधंच मिळतं म्हणून?"

"कुणी नाही. पण मला कळलंय."

बाबा म्हणजे आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. "सही करताना मला सगळं समजावलं होतं," ते म्हणाले. "कदाचित साधंच मिळेल, असं स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हटलं, माझ्यामागून येणाऱ्याला तरी कळेल, रस्ता बरा आहे की वाईट. पण तुझी झोप उडत असेल तर सोडतो रे. तुझ्यासाठी सोडतो."

इकडे मौनी त्याच दुपारी डॉक्टरबाईंसमोर जाऊन उभी राहिली होती. सगळं सांगितलं. बाक, पेपर, पोळी, सगळं.

"औषधाबद्दल काही बोललीस?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एक शब्द नाही."

"मग नियम मोडला नाहीस. पण चौदा नंबरची पिशवी आजपासून तुझ्या रजेत काम बघणारा माणूस भरेल. आणि त्या मुलाला भेटायचं नाही."

"हो," मौनी म्हणाली. हे तिला बागेतच कळलं होतं.

पुढच्या खेपेला मास्तर आणि बाबा आले, ते सलाईनला नाही. डॉक्टरबाईंच्या खोलीत समोरासमोर बसले. मास्तर म्हणाला, "आम्हाला चाचणी सोडायची आहे."

"कधीही सोडू शकता, कारणसुद्धा द्यायला नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तरी विचारते. का?"

मास्तर खोटं बोलणारा नव्हता. "कारण बाबांना काय मिळतंय ते मला कळलंय. मौनीबाईंच्या चेहऱ्यावरून."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग फोन उचलून मौनीला वर बोलावलं. ती आली आणि दारातच थांबली. हातात अजून रबरी मोजे होते.

"चौदा नंबर बाहेर पडतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुझ्या चेहऱ्यामुळे. पिशवीबद्दल अवाक्षर न काढता काही सांगता येत असेल तर सांग. माझ्यासमोर."

मौनीने मोजे काढले. एक निघाला, दुसरा निघेना. तो तसाच ठेवून ती मास्तरकडे बघून बोलू लागली.

"त्या पिशवीत नवं औषध असतं, तरी मी तशीच उठून गेले असते. साधं सलाईन असतं, तरी तशीच. नंबर ऐकल्यावर मला तिथे बसायची सोयच नव्हती."

"उठून गेलात ते समजलं," मास्तर म्हणाला. "पण चेहरा? चेहरा का उतरला?"

मौनी खाली बघू लागली.

"तो पिशवीसाठी नव्हता उतरला."

"मग?"

"आता तुम्हाला भेटता येणार नाही… म्हणून उतरला होता."

डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मास्तरचे कान लाल झाले. शेवटी बाबांनीच खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"अरे गाढवा! मला वाटलं, मी चाललो! हिला तू आवडतोस, एवढंच निघालं होय त्यातून?"

"बाबा…"

"गप. भूगोल शिकवतोस आणि समोरचं दिसत नाही." मग ते डॉक्टरबाईंकडे वळले. "बाई, मला जे मिळत असेल ते मिळो. मी कुठे जात नाही. लावा सलाईन."

डॉक्टरबाईंनी मात्र अट घातली. बाबांची शेवटची पिशवी होईपर्यंत दोघांनी बोलायचं नाही. त्यानंतर तुमचं तुम्ही बघा. पण चाचणीचा निकाल उघडेपर्यंत पिशवीबद्दल एक शब्द नाही, आणि तो उघडायला आणखी दोन वर्षं तरी लागतील.

दोघांनी ती पाळली. मास्तर पेपर वरच्या मजल्यावर तपासू लागला. कधी लिफ्टचं दार उघडे आणि समोर ती असे. तो मान हलवी, ती छताकडे बघे. त्या वर्षात दवाखान्याच्या छताकडे तिने जितकं पाहिलं, तितकं ते बांधणाऱ्या गवंड्यानेही पाहिलं नसेल. पण दार बंद होता होता तिची नजर खाली येई… आणि त्या चिंचोळ्या फटीतून मास्तरला दिसे, की ती हसतेय.

बाबांची गाठ वाढली नव्हती. ते नव्या औषधाने की नेहमीच्या, कुणाला सांगता येत नव्हतं. जिला येत होतं, ती सांगणार नव्हती.

शेवटची पिशवी संपली. हाताला चिकटपट्टी लावून बाबा उठले, आणि मास्तर एकटाच तळमजल्यावर गेला. औषधांच्या खोलीला एक छोटी काचेची खिडकी होती. त्याने काचेवर टकटक केली. मौनीने खिडकी सरकवली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं." मास्तर चुळबुळला. शर्टाची बाही वर केली, खाली केली. "बाबांनी वरून एक गोष्ट विचारायला पाठवलंय. विचारल्याशिवाय येऊ नकोस म्हणाले."

मौनीचे हात थांबले. चेहरा दगडासारखा झाला. "मास्तर, निकाल उघडेपर्यंत मला काही…"

"रविवारी तुमच्या आई घरी असतात का?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग खिडकी आणखी थोडी सरकवली, पूर्ण उघडेपर्यंत.

"याचं उत्तर मला देता येतं," ती म्हणाली. "असते. सकाळपासून असते."