दक्षिणेकडचं छप्पर

मे महिन्यात खानापूरचं लग्न आटोपून माधवी येळ्ळूरला परतली, तर तिच्या घराच्या छपरावर एक अनोळखी तरुण सोलर पॅनलचे नट आवळत बसलेला. ओळख ना पाळख, म्हणाला, "तेवढा पाना वर द्या की." तिनं दिला. शिडीवरून वाकून घेताना त्याची बोटं जराशी रेंगाळली... आणि तिथंच घोळ झाला.

तो उपेंद्र, सोलर बसवणारा. सोलर आलं होतं माधवीच्या हट्टापायी. तिच्या वडिलांना, आप्पांना, ते मुळीच नको होतं. पावसाळ्यापर्यंत वीज झकास आली. दिवाळीनंतर मात्र निम्म्यावर आली आणि आप्पांना तोंड फुटलं. तुझा सूर्य म्हातारा झाला म्हणे! बिचारी निमूट ऐकून घ्यायची.

उपेंद्र मेपासूनच दर महिन्याला देखभालीला यायचा. पॅनल पुसायचा, वायरी चाचपायचा, दोन कप चहा प्यायचा आणि "बघूया... परत येतो" म्हणून जायचा. तिसऱ्या खेपेपासून माधवी त्या दिवशी नवा ड्रेस घालू लागली, हेही खरंच.

डिसेंबरात नववीच्या वर्गाला दक्षिणायन शिकवताना तिच्या हातातला खडू थांबला. सूर्य दक्षिणेला कललेला, आणि आपली पॅनलं? उत्तरेच्या उतारावर! भूगोलाच्या शिक्षिकेच्या घरावर! मेमध्ये सूर्य डोक्यावर होता म्हणून भागलं होतं एवढंच. संतापानं तिचे कान तापले.

संध्याकाळी तो आला. चहा नव्हता.

"तुम्हाला पहिल्यापासनं ठाऊक होतं," ती म्हणाली.

"व्हय."

"मग उत्तरेला का बसवलासा?"

त्यानं मान खाली घालून सांगितलं. आप्पा अडून बसले होते, दक्षिण यमाची दिशा, तिकडं तोंड करून नवी वस्तू बसवायची न्हाय. वर दम दिला होता, पोरीला कळता कामा नये, ती नकाशा घेऊन बसंल.

म्हणजे करणारे आप्पा, टोमणे मारणारेही आप्पाच! आणि हा? ज्याची ती महिनाभर वाट बघायची, तो तिच्याच ओट्यावर बसून तिला फसवत होता. तिला रडूच यायला लागलं.

"आप्पांचं सोडा. नंतर का सांगितलं न्हाईसा मला?"

"सांगणार होतो. दर खेपेला ठरवूनच यायचो." तो अडखळला. "पण सांगितलं असतं तर दुरुस्ती झाली असती... मग मी कुठल्या तोंडानं यायचं इथं? मला तुम्ही लई आवडता, टीचर. पण चुकलंच माझं."

तिचा राग तसूभरही उतरला नव्हता, आणि तरी तो निघून जाईल की काय अशी भीतीही वाटत होती. कसला हा राग!

"रविवारी या," ती शेवटी म्हणाली. "पॅनल दक्षिणेला हलवायचं. आप्पांना मी बघते."

"येतो." तो उठला, चप्पल घालून निघाला.

"आणि त्याच्या पुढच्या रविवारी..." तिचा आवाज अजून रागातच होता. "काय बिघडलेलं नसताना या."