व्ही सेव्हनवरचं गाणं

जपानहून आलेल्या जुन्या गाडीचा रेडिओ एफएम नव्वदच्या पुढे जात नाही.

सा हलवायचा नसतो.

पार्किंगच्या तिकिटाची मागची बाजू कोरी असते.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये पायी चालणाऱ्याकडे लोक काळजीने बघतात.

"मी काय लोणचं आहे, मुरत ठेवायला?"

तर हे सगळं एकाच मुलीचं. वरदाचं. नागपूरची, वय सव्वीस, सॉफ्टवेअर टेस्टर. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी तिची बस चुकली आणि तिरक्या, सुईसारख्या पावसात ती थांब्यावर उभी राहिली. एक बुटकी निळी गाडी पुढे गेली, थांबली, उलटी मागे आली. काच खाली झाली.

"तू तिसऱ्या मजल्यावरची ना? माझ्या कोडमध्ये बग काढणारी?"

"तूच तो मिहीर? एकवीस निघाले आज."

"चुका माझ्या आणि भिजायचं तू... बरं नाही दिसत. बस."

ती बसली. गाडी सेकंडहँड, जपानहून आयात केलेली. रेडिओवर जेमतेम एक स्टेशन लागायचं, आणि आधीच्या मालकाची सीडी प्लेअरमध्ये अडकली होती ती काही केल्या निघत नव्हती. म्हणजे ऐकायचं तर हेच – जपानी पॉप, नऊ गाणी. व्ही सेव्हन रस्त्यावरच्या तिसऱ्या राउंडअबाउटला गाडी वळली, ध्रुवपद शेवटचं आलं आणि अख्खं गाणं एक पायरी वर चढलं. वरदा दचकून ताठ बसली.

"हे काय केलं त्याने?"

"कोणी?"

"सा हलवला! मधेच!"

मिहीरने तिच्याकडे बघितलं. मग राउंडअबाउटला आणखी एक फेरी मारली.

"रस्ता चुकलास?"

"नाही. तुझा चेहरा नीट बघायचा होता."

पुढे रोजच. गाण्यांची नावं माहीत नव्हती, म्हणून त्यांनी रस्त्यांची दिली: व्ही सेव्हनचं, एच सिक्सचं, सुपरमार्केटच्या सिग्नलचं. मिहीर ऐकू येतील तसे शब्द पार्किंगच्या तिकिटांमागे देवनागरीत लिहायचा, आणि चाल घरच्या कीबोर्डवर बसवायचा. ते शब्द त्याने इंटरनेटवरच्या एका फोरमवर रोमन अक्षरांत टाकले, तेव्हा ओसाकाच्या कुणीतरी उत्तर धाडलं – गायिका पाच आहेत, माणूस एकच. निर्माता. चाली त्याच्या, शब्द त्याचे, वाद्यंही त्यानेच रचलेली. तिकडे दहा वर्षांपूर्वी दुकानादुकानांत हीच गाणी वाजत होती म्हणे.

"सगळं स्थिरस्थावर झालं की हा बाबा घर बदलतो," वरदा म्हणाली. "आणि नव्या घरात आधीपेक्षा जास्त उजेड असतो."

 गिअर बदलताना मिहीरचा हात तिच्या ओढणीला लागला... आणि जरा रेंगाळला.

आता अनुराधाताई. रविवारी त्यांच्या घरी गाण्याचा क्लास असे. वरदाला या देशात घरासारखं वाटायचं ते त्या एका सतरंजीवर. ताईंचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा काळी चारच्या पट्टीत लावलेला, वर्षानुवर्षं तसाच. मार्चमध्ये चहा गाळताना वरदा व्ही सेव्हनचं गाणं गुणगुणली आणि शेवटी अर्थातच वर गेली.

"हे काय?" ताईंनी कप खाली ठेवला. "सा म्हणजे पायाखालची जमीन, वरदा. ती हलवायची नसते. आणि त्या मुलाच्या गाडीतून फिरणं पुरे. स्वतः चालवायला शीक."

"शिकतेय ना, ताई."

"पाडव्याच्या कार्यक्रमात शेवटची भैरवी तुझी आहे. हे असलं काही गायलीस, तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. परक्या देशात आपलं आहे ते जपायचं असतं."

तेव्हा वरदा ते लोणच्याचं बोलली. बोलून रडली, पण गाडीत बसल्यावर.

"नको गाऊस," मिहीर म्हणाला. "क्लास जाईल तुझा."

"तू कीबोर्ड वाजवणार आहेस की नाही, एवढंच सांग."

"...वाजवीन."

नऊ एप्रिल, शाळेचा हॉल, श्रीखंडाचा वास. वरदाने भैरवी म्हटली – नीट, मनापासून. टाळ्या झाल्या. ती उठली नाही. "अजून एक," म्हणाली, आणि पहिल्या रांगेतल्या ताईंची मान ताठ झाली.

जपानी शब्द, काळी चार, मागे तानपुरा. लोक आधी हसले, मग पोरं डोलू लागली. शेवटचं ध्रुवपद आलं. वरदा वाकली, आणि ताईंचा तानपुरा तिने स्वतःच्या हाताने बंद केला.

हॉलमध्ये शांतता. मिहीरचं बोट कीबोर्डवरच्या, पट्टी बदलणाऱ्या ट्रान्सपोजच्या बटणावर. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली: नको. आधी मी.

आणि ती कुणाच्याही आधाराशिवाय काळी पाचवर गेली. मागोमाग तो.

नंतर ताई बाहेर आल्या. वरदाने वाकून नमस्कार केला.

"रविवारपासून येऊ नकोस."

"बरं, ताई."

ताई चार पावलं गेल्या, वळल्या. "वरचा षड्ज चोख लागला." आणि गेल्या.

दोघं निळ्या गाडीत बसली. मिहीरने किल्ली फिरवली नाही.

"गेला क्लास," वरदा म्हणाली. "जमीन हलवली मी. आता निदान तू तरी काही बोल."

"काय बोलू?"

"पाच महिने राउंडअबाउटला दोन-दोन फेऱ्या मारतोस. पेट्रोल काय फुकट मिळतं?"

तो हसला, मग हसू मावळलं. "आवडतेस मला. पहिल्या दिवसापासून. तू तो सा हलल्यावर दचकलीस ना... तेव्हापासून."

"मग आता दर रविवारी मला कुठेतरी घेऊन जायचं. मी रिकामी आहे." तिने त्याचा हात गिअरवरून उचलून आपल्या हातात घेतला. "आणि मला अजिबात वाईट वाटत नाहीये." डोळे मात्र भरले होते, ते तिने पुसले नाहीत.

वरदा ड्रायव्हिंग टेस्ट अठरा जानेवारीलाच पास झाली होती, पहिल्या खेपेत. सांगितलं मात्र कुणालाच नव्हतं.